वहिवाट कुठल्या रकान्यात लिहायची? नियोजित रिसॉर्ट पर्यटन आणि गावाचं रोजचं जगणं



आजचा विषय कळला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला आधीच विचारून ठेवलं, "तुम्ही पर्यटनाच्या बाजूने बोलणार की विरोधात?" प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तेवढं सरळ नाही. शनिवार-रविवार आला की गाडी काढून बाहेर पडणाऱ्यांत आम्हीही असतो. शिवनेरीच्या पायऱ्या आम्ही चढलोय, नाणेघाटात वारा खाल्लाय, माळशेजच्या धुक्यात उभं राहून भजी खाल्ली आहेत. त्यामुळे पर्यटकाच्या नावाने बोटं मोडायचा अधिकार आम्हाला नाही.

आमचं आजचं भांडण आहे एका कागदाशी. रिसॉर्ट, टाउनशिप, पर्यटन विकास आराखडा, नाव काहीही असो, जमिनीवर खांब रोवण्याआधी एक कागद तयार होतो. तो कागद गावाकडे कसा बघतो, ते तपासायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कागदात गावातला माणूस दोनच ठिकाणी दिसतो. एक, जमीन विकणारा म्हणून. दोन, नोकरी मिळणारा म्हणून. तिसरा एक माणूस असतो, जो त्याच जमिनीवरून चालतो, तिथलं पाणी भरतो, तिथं गुरं चारतो, तिथला हिरडा गोळा करतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव नसेल, पण वापर त्याचा असतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, वहिवाट. आराखड्यात या वहिवाटीला रकानाच नाही. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

सुरुवात नारायणगावापासून करू. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मीना नदीकाठचं हे गाव. जवळच खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. बाजारात टोमॅटोच्या क्रेटचे ढीग लागतात. आणि हे गाव तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की इथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, फडमालकाशी बोलणी करतात, सुपारी ठरते.

राहुट्यांचा इथं काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. बाहेरचा माणूस गावात येणं आणि त्याच्या येण्यावर गावाचं चार पैशांचं चालणं, हे नारायणगावाला नवं नाही. रिसॉर्टवाल्यांनी येऊन शिकवण्याची गरज नाही. पण त्या येण्याची रीत बघा. पंच गावात उतरतात, गावातल्या हॉटेलात चहा पितात, खानावळीत जेवतात, बाजारातून काहीबाही घेऊन परत जातात. राहुटी हंगामापुरती असते. हंगाम संपला की ती निघते आणि जागा पुन्हा गावाला मोकळी होते. तमाशाच्या धंद्यात सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. कलावंतांच्या, विशेषतः बायांच्या वाट्याला काय आलं, तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आमचा मुद्दा एवढाच की ती राहुटी गावाची वाट अडवत नाही. नियोजित रिसॉर्टचा पहिला खर्च असतो कंपाउंडचा.

आता जुन्नर तालुका घ्या. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, बुद्धलेणी, धरणं, द्राक्षबागा, एका तालुक्यात एवढं सगळं आहे. त्यात खोडदच्या दुर्बिणीला रेडिओ-शांतता लागते म्हणून आसपासच्या उद्योगांवर बंधनं आहेत. पोरांना काम कुठं मिळणार, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून पर्यटन पुढं येणं स्वाभाविक आहे. एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. जुन्नर-आंबेगावात आज लवासासारखं वसवलेलं शहर नाही. इथं जे दिसतं ते सुटं सुटं आहे. धरणाच्या फुगवट्याकाठी तंबू, डोंगराच्या कडेला फार्महाऊस, कुठं पाच-पंचवीस खोल्यांचं रिसॉर्ट. पण पर्यटन तालुका म्हटला की आराखडा येतो, आराखड्यामागून गुंतवणूक येते, गुंतवणुकीमागून मोठी जमीन एकत्र करणं येतं. म्हणून बोलायची वेळ आत्ता आहे. हे 'आत्ता' का, त्याचं कारण पुढं सांगतो.

आधी आराखड्यातल्या एका शब्दाकडे बघू. शब्द आहे 'पडीक'. असा कुठलाही प्रस्ताव उघडा, तुम्हाला वाक्य सापडेल की निवडलेली जमीन बहुतांशी पडीक, डोंगराळ, अनुत्पादक आहे. ऐकायला बरं वाटतं. सुपीक जमीन घेतली नाही, कुणाचं नुकसान नाही. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात, महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाच्या वाड्यांवर जाऊन विचारा की ही पडीक जमीन काय करते. ती एखाद्या वर्षी नाचणी-वरई देते, मग काही वर्षं विश्रांती घेते. त्या विश्रांतीलाच कागद 'पडीक' म्हणतो. ती गुरांना चारा देते, चुलीला सरपण देते, पावसाळ्यात रानभाजी देते. आणि ती हिरडा देते.

हिरड्याचं उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटतं. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा या भागातल्या आदिवासी कुटुंबांचा रोख पैशाचा मोठा आधार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरात हिरड्याची झाडं उन्मळली. आंबा पडला, काजू पडला, त्याच्या भरपाईचे निकष होते. हिरडा मात्र त्या निकषांच्या यादीत बसेना. लोकांना मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं, आणि त्यात वर्षं गेली. झाडं होती, माणसं होती, उत्पन्न होतं, नुकसानही डोळ्यांना दिसत होतं. नव्हता तो फक्त रकाना. आता विचार करा. सरकारी मदतीच्या कागदात जे उत्पन्न दिसत नाही, ते खाजगी रिसॉर्टच्या प्रकल्प अहवालात कसं दिसणार?

दुसरं उदाहरण पाण्याकाठचं. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणात बुडालं. धरण घोड नदीवर आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, गाळाची ओली जमीन उघडी पडते आणि धरणग्रस्त त्या जमिनीवर पीक घेतात. तिला म्हणतात गाळपेर. त्याच जलाशयात धरणग्रस्त आदिवासींनी मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी पद्धतीने ती चालवली. म्हणजे एकदा सगळं बुडाल्यावर लोकांनी पाण्याच्या काठावर पुन्हा संसार मांडला. आता हाच काठ रिसॉर्टच्या जाहिरातीत काय होतो? 'लेक व्ह्यू'. पावसाळ्यात पाहुण्याला तिथून पाणी दिसतं. एप्रिलमध्ये त्याच जागी कुणाची तरी गाळपेर असते, कुणाची होडी लागलेली असते, कुणाची म्हैस पाण्यात बसलेली असते. दृश्य विकायचं म्हटलं की म्हैस नको असते. आणि वर्षाचे आठ-दहा महिने पाण्याची पातळी बदलत असते, हेही आराखड्याच्या रंगीत नकाशात नसतं. नकाशात तळं कायम भरलेलं असतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. यातलं पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर दरवर्षी किती ताणाताणी होते ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आणि धरणांच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी येतात तेव्हा प्रश्न वर्षभरात पाणी किती लागेल हा नसतोच. प्रश्न असतो, मे महिन्यात ते कुठून आणणार? वर्षाची सरासरी काढली की मे महिना अदृश्य होतो. आणि सुट्ट्यांचा, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीचा महिना तोच.

हे सगळं झालं कागदात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल. कागद प्रत्यक्षात उतरला की काय होतं, हे बघायला आपल्याला पुणे जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. मुळशीत जाऊ. लवासा.

१९९६च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने गिरिस्थान पद्धतीच्या पर्यटन वसाहतींसाठी खास नियमावली केली. पुढं मुळशी-वेल्ह्यातल्या १८ गावांचा परिसर त्यासाठी ठरला. वरसगाव धरणाच्या फुगवट्याभोवती सुमारे २५ हजार एकरांचं शहर. नमुना इटलीतल्या पोर्तोफिनोचा. दासवे, मुगाव अशा गावांच्या शिवारात रंगीत इमारती उभ्या राहिल्या. ही गावं वरसगाव धरणात आधीच एकदा पोळलेली होती, हे लक्षात ठेवा.

पर्यावरण परवानगीचा वाद सगळ्यांना माहीत आहे. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, काम थांबणं, वर्षभराने अटींसह मंजुरी. पण रोजच्या जगण्याच्या दृष्टीने आम्हाला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००८ साली या प्रकल्पाला विशेष नियोजन प्राधिकरण मिळालं. म्हणजे काय? तर बांधकामाला परवानगी देण्याचा, आराखडा मंजूर करण्याचा अधिकार ज्या मंडळाकडे गेला, त्यात ज्याचा प्रकल्प त्याचीच माणसं प्रामुख्याने होती. गावातल्या माणसाला घराला पडवी काढायची असेल, रस्त्याची तक्रार करायची असेल, तर तो जाणार कुणाकडे? ग्रामपंचायत तिथंच होती, सरपंच होता, ग्रामसभा भरत होती. निर्णय मात्र दुसऱ्या टेबलावर गेला होता. ते प्राधिकरण काढून घ्यायचा निर्णय व्हायला २०१७ साल उजाडलं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आता इथं तो दोन रकान्यांचा हिशेब लावून बघा. प्रकल्प अडचणीत आला की नोकरीचा रकाना आधी रिकामा होतो. जमिनीचा रकाना मात्र मागे फिरत नाही. विकलेली, खोदलेली, सपाट केलेली जमीन पुन्हा नाचणीची होत नाही. म्हणजे फायदा परत घेता येतो, नुकसान परत घेता येत नाही. या एका फरकासाठी तरी अशा प्रकल्पांकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं.

आणि मघाशी म्हटलं, 'आत्ता' का बोलायचं? लवासाविरुद्धच्या जनहित याचिकेवर २०२२च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रक्रियेतल्या त्रुटींवर, वशिल्यावर न्यायालयाने बोट ठेवलं. पण याचिका फार उशिरा आली, म्हणून बांधकामांना हात लावला नाही. डोंगर कापला जात असताना गावातला माणूस वकील शोधत नसतो, तो रोजगार शोधत असतो. त्याला कायद्याची भाषा कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हिशेब आधी मांडायचा.

लवासा फसला, तो धडा घेऊन सरकार शहाणं झालं, असं कुणाला वाटत असेल तर साताऱ्याकडे बघा. कोयनेच्या परिसरात 'नवीन महाबळेश्वर' म्हणून २३५ गावांचं क्षेत्र ठरवलं गेलं आणि विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं ते रस्ते विकास महामंडळाला. खाजगी कंपनीऐवजी सरकारी महामंडळ, एवढा फरक नक्की आहे, आणि तो लहान नाही. पण गावाच्या डोक्यावरून नियोजन, हा साचा तोच.

आता थोडं गोव्याला जाऊ, कारण वाटेचा प्रश्न तिथं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वायंगिणीचा किनारा आहे. तिथं पर्यटनविकासासाठी सरकारने जमीन संपादन करून एका मोठ्या हॉटेलला दिली. किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट राखायची, ही अट करारातच होती. पुढं हॉटेलच्या बांधकामाने ती वाट अडली. आसपासचे रहिवासी आणि गोवा फाउंडेशन न्यायालयात गेले. २००९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, वाट मोकळी करा, आड येणारं बांधकाम काढा. न्यायालय म्हणालं की किनारा, पाणी यांसारख्या गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीने ठेव म्हणून असतात. केवढा मोठा विजय! पण गोष्ट इथं संपली नाही. राज्य सरकारने भूसंपादनाच्या कायद्यात मागच्या तारखेपासून लागू होणारी दुरुस्ती आणली, ते बांधकाम वाचवण्यासाठी.

या प्रकरणातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. पहिली, वाट ही क्षुल्लक गोष्ट नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला हक्क मानलं. दुसरी, ती करारात लिहिलेली होती म्हणूनच लोकांना उभं राहायला जागा मिळाली. लिहिलेली नसती तर काय झालं असतं?

याच किनाऱ्याने वर आलं की सिंधुदुर्ग लागतो. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जुन्नरच्या बरीच वर्षं आधी. त्यामुळे पुढं काय होतं ते तिथं दिसतं. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमीन घेतली गेली आणि पुढची कित्येक वर्षं हॉटेल काही उभं राहिलं नाही. राहती घरं आणि बागा असलेली जमीन वगळा, असं लोक म्हणत राहिले. प्रकल्प झाला तर त्रास होतो हे आपण ऐकतो. न झालेल्या प्रकल्पाचा त्रास वेगळाच असतो. जमिनीवर आरक्षण किंवा संपादन बसलं की घर वाढवायचं का, कलमं लावायची का, पोराने गावात राहायचं की मुंबई गाठायची, सगळे निर्णय लोंबकळत राहतात. एका पिढीची उमेद 'बघू काय होतंय' यात जाते. दुसरीकडे त्याच जिल्ह्यात मालवण-तारकर्लीकडे लोकांनी आपल्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने त्याला हात दिला. तिथं सगळं गोड आहे असं नाही, कचरा आहे, पाण्याची ओढाताण आहे, भावाभावांत स्पर्धा आहे. पण पाहुणा घरात आहे आणि घराचा मालक घराचाच आहे. वाटेचा निर्णय वाटेवर राहणाराच घेतो.

आता उलट बाजू. ती मांडली नाही तर हे बोलणं अर्धवट राहील.

पहिला आक्षेप: "जमीन विकणारा गावचाच ना? त्याला कुणी जबरदस्ती केली?" बरोबर आहे. टोमॅटोचा भाव पडला की क्रेट रस्त्याच्या कडेला ओतावे लागतात. मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो, सोसायटीचं कर्ज असतं. अशा वेळी डोंगरकडेच्या तुकड्याला कुणी चांगला भाव दिला तर नको म्हणायला तो काय संत आहे? विकणाऱ्याला दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. पण दोन गोष्टी बघा. जमिनीचा भाव वाढणं ही विकणाऱ्यासाठी बातमी आहे. जो विकणार नाही, इथंच राहणार आहे, त्याच्यासाठी ती महागाई आहे. शेजारचं गुंठाभर घ्यायचं म्हटलं तरी त्याच्या आवाक्याबाहेर जातं. भाव वाढला की घरातली जुनी वाटणी उकरून निघते, बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची घाई सुटते. आणि दुसरं, विकणारा सातबारा विकतो. त्या सर्व्हे नंबरातून जाणारी दहा घरांची पायवाट त्याची नसते, तरी ती जमिनीबरोबर जाते. विकणाऱ्याने न विकलेली गोष्ट घेणाऱ्याला मिळते.

दुसरा आक्षेप: "स्थानिकांना रोजगार मिळतो." मिळतो. पहाऱ्याचा, बागकामाचा, साफसफाईचा, स्वयंपाकघरातल्या हाताखालचा. हे काम कमी दर्जाचं आहे असं कृपा करून समजू नका, त्याच्यावर घरं चालतात. एखाद्या बाईच्या हातात पहिल्यांदा महिन्याचा पगार येतो, याचं मोल आम्ही जाणतो. आमचा प्रश्न पुढचा आहे. काल जो स्वतःच्या रानात होता तो आज त्याच रानाच्या फाटकावर उभा राहून शेजाऱ्याला 'इकडून जाता येणार नाही' असं सांगतो. हा रोजगार 'किती जणांना' या आकड्यात येतो, पण त्या वाक्याचं काय? आणि आणखी एक साधा प्रश्न. नारायणगावच्या बाजारात एवढा टोमॅटो येतो. तालुक्यातल्या रिसॉर्टच्या भाजीत तो पडतो का? रोजगाराच्या आकड्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर आम्हाला जास्त काही सांगेल.

तिसरा आक्षेप जरा कडवट असतो. "तुम्ही शहरातले लोक गावाला मागासच ठेवू बघता." हा आक्षेप आम्ही मनावर घेतो. गावाने चित्रासारखं जुनं राहावं आणि आपण शनिवारी येऊन त्याचे फोटो काढावेत, ही अपेक्षा म्हणजे रिसॉर्टवाल्याचीच नजर. आमचं म्हणणं तसं नाही. गावाला रस्ता हवा, चांगलं रुग्णालय हवं, पोरांना काम हवं. फक्त त्या बदल्यात विहिरीची वाट मागू नका, एवढंच.

मग करायचं काय? नुसती टीका करून घरी जाणं सोपं आहे. आमच्याकडे तयार आराखडा नाही, पण आराखड्याला विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते विचारायला कायद्यात आधार आहे.

१९९६ साली, ज्या वर्षी गिरिस्थान नियमावली निघाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने पेसा कायदा केला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या जल, जंगल, जमिनीबद्दल बोलायचा अधिकार देणारा. महिन्याभराच्या अंतराने निघालेले हे दोन कागद एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एक म्हणतो, डोंगर मोकळा आहे, या आणि बांधा. दुसरा म्हणतो, आधी गावाला विचारा. मुळशीला दुसऱ्या कागदाचा आधार नव्हता. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या अनेक गावांना आहे. शिवाय आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अचं बंधन आहे. कागदावर आधार भक्कम आहे. प्रश्न आहे तो वापरण्याचा.

वाटेपुरतं बोलायचं तर अडवलेला रस्ता मोकळा करून मागायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६चं कलम ५ आहे. तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने लक्षात ठेवा, पाठ करा, कारण बहुतेक वाटा 'बघू, बोलू, समजावू' या सहा महिन्यांतच जातात. शेताकडे जायला बांधावरून वाट मागायची तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. आणि याच संहितेत कलम १६५ आहे, त्याला म्हणतात वाजिब-उल-अर्ज. नाव जड आहे, अर्थ साधा आहे. खाजगी जमिनीतून जाण्याच्या, पाणी घेण्याच्या, मासेमारीच्या गावातल्या चालत आलेल्या रीती जिल्हाधिकाऱ्याने नोंदवून ठेवायच्या. म्हणजे बघा, वहिवाटीचा रकाना कायद्यात आहेच! आराखड्यात तो उतरत नाही, ही खरी तक्रार आहे.

म्हणून आमची मागणी अगदी छोटी आहे. पर्यटन तालुक्यात कुठल्याही मोठ्या रिसॉर्टला परवानगी देण्याआधी त्या गावाने आपली वहिवाट लिहून काढावी. विहिरीची वाट कुठून, स्मशानाची कुठून, देवाच्या पालखीची कुठून, गुरांची कुठून. कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत टिकतो. गाळपेर कुठवर. हिरड्याची झाडं कुठं आणि ती कोण राखतं. हे लिहिताना सातबारावाल्यांनाच बोलवायचं नाही. ज्यांच्या नावावर काही नाही त्यांना बोलवायचं, आणि बायांना आधी बोलवायचं, कारण पाण्याची वाट त्यांच्या पायाला माहीत असते. मग ग्रामसभा दोनदा घ्या, एकदा पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात. आषाढात 'पाणी पुरेल का' विचारलं तर सगळेच हो म्हणतील. आणि परवानगीच्या कागदाला ही यादी अट म्हणून जोडा. गोव्यात काय झालं ते आपण पाहिलं. लिहिलेली अटसुद्धा मोडली जाते, पण न लिहिलेली अट मोडल्याचं सिद्धही करता येत नाही.

याने सगळं सुटेल का? नाही. यादी केल्यावर गावातच भांडणं निघतील. कुणी म्हणेल ही वाट कधी नव्हतीच. विकायला निघालेल्याला ही यादी म्हणजे खोडा वाटेल, आणि त्याची अडचण खोटी नसेल. पण ते भांडण गावात, ग्रामसभेत, एकमेकांच्या तोंडावर झालेलं बरं. कंपाउंड पडल्यावर भांडण गावाचं राहत नाही, फाटकावरच्या पोराचं होतं.

आपण जे पर्यटक आहोत, त्यांनाही एक काम सांगून थांबतो. पुढच्या वेळी खोली घेताना दरासोबत दोन प्रश्न विचारा. इथं पाणी कुठून येतं? आणि या जागेतून पूर्वी कुणाची वाट जात होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजर देईल. दुसऱ्याचं त्याला ठाऊक नसेल. ते फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. त्याला ठाऊक असतं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.